विरघळणारा रॉड

सुकापूरला आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या वर्षीपर्यंत पाच जणांच्या अंगात धातू होता. आता चार राहिलेत. ही मोजणी कुणी मुद्दाम केलेली नाही. जिन्यात उभ्याउभ्या गप्पा मारताना होत गेली. वॉचमनच्या मनगटात प्लेट, अम्मीच्या खुब्यात रॉड, दुसऱ्या मजल्यावरच्या रिटायर्ड कंडक्टर काकांच्या गुडघ्यांत वाट्या, त्यांच्या सुनेच्या घोट्यात स्क्रू. आणि पाचवा माझा भाचा, वय वर्षं दहा.

पनवेलच्या आसपास राहणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. जुना मुंबई-पुणे रस्ता इथून जातो. एक्सप्रेसवे इथून सुटतो. गोव्याचा रस्ता इथे सुरू होतो. उरणच्या बंदराकडे जाणारे कंटेनर दिवसरात्र धावत असतात. सुकापूर तसं माथेरानच्या रस्त्यावर, थोडं बाजूला. पण या रस्त्यावरही आता संध्याकाळी चालायला जागा नसते. हाडांचे दवाखाने आणि एक्स-रेची दुकानं या भागात किराणा दुकानांसारखी आहेत.

भाच्याला मोटरसायकलने उडवलं ते शिकवणीहून परत येताना. मांडीचं हाड मधोमध मोडलं. डॉक्टरांनी गुडघ्याजवळ दोन बाजूंनी छोटे छेद घेतले आणि टायटॅनियमचे दोन बारीक, लवचीक नेल हाडाच्या पोकळीत वर सरकवले. आपण सगळे त्याला रॉडच म्हणतो. पोरगं दोन-अडीच महिन्यांत चालायला लागलं. घरात शिरखुर्मा झाला, ईद नसताना. सगळं छान.

मग डॉक्टर म्हणाले, आठ-दहा महिन्यांनी हे काढायला या.

इथून खरा प्रश्न सुरू झाला. माझा मेहुणा कंटेनर चालवतो. गाडी उभी तर पगार उभा. पहिल्या ऑपरेशनचं कर्ज फिटायचं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं, “भाईजान, काढायचाच होता तर घातला कशाला? अम्मीचा कुठे काढतायत?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की अम्मीचं हाड आता वाढणार नाही आणि पोराचं वाढणार आहे. वाढणारं हाड धातूला आपल्यात ओढून घेतं, त्याच्यावर चढतं. दोन-चार वर्षांनी तोच नेल काढायला जावं तर हाड पोखरावं लागतं. शिवाय गुडघ्याजवळ नेलची टोकं कातडीखाली टोचत राहतात. म्हणून मुलांच्या बाबतीत हाड पक्कं जुळलं की नेल काढून घेतात. म्हाताऱ्या माणसाला मात्र पुन्हा भूल देण्याचा धोका घ्यायचा कशाला, असा विचार असतो.

मेहुण्याला हे पटलंही असतं. पण त्याच आठवड्यात त्याच्या मोबाइलवर एक मेसेज आला. परदेशात शरीरात आपोआप विरघळणारा धातू निघालाय, दुसरं ऑपरेशन लागतच नाही. त्याखाली कुणीतरी आपल्या पदरचं जोडलं होतं: हल्लीचे सगळे नवे रॉड विरघळतात, डॉक्टर पैशासाठी सांगत नाहीत. मेहुण्याने ठरवून टाकलं, ऑपरेशन करायचं नाही. बहीण रडकुंडीला आली. नवऱ्याला समजवायला तिने मला वर बोलावलं.

अशा मेसेजची गंमत ही, की त्यात अर्धं खरं असतं. तो मेसेज साफ खोटा असता तर माझं काम पाच मिनिटांचं होतं.

विरघळणारा धातू खरंच आहे. त्याचं नाव मॅग्नेशियम. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला आहे. विज्ञानाच्या तासाला मास्तर एक करडी फीत सँडपेपरने घासायचे, चिमट्यात धरून ज्योतीवर न्यायचे आणि डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडायचा. खाली पांढरी राख उरायची. भाच्यानेही ते यूट्यूबवर पाहिलेलं होतं. मी मॅग्नेशियमचं नाव काढताच तो घाबरून म्हणाला, “मामू, ते पायात पेटेल?”

पेटत नाही. पेटायला बारीक फीत किंवा भुकटी लागते आणि मोठी उष्णता लागते. शरीरात ते गंजतं. पाण्याशी संयोग होऊन त्याचं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. हे हायड्रॉक्साइड म्हणजे पूर्वी प्रत्येक घरात निळ्या बाटलीत असायचं ते मिल्क ऑफ मॅग्नेशिया. अम्मी पलंगावरून ऐकत होती. तिला हसू आवरेना. म्हणाली, “म्हणजे पोट साफ करायच्या औषधाचा रॉड!”

तसं पाहिलं तर शरीराला हा धातू परका नाहीच. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं, त्यातलं निम्म्याहून जास्त हाडांतच. रोज ३०० ते ४०० मिलिग्रॅम आपण भाकरी, डाळी, पालेभाज्या, शेंगदाण्यांतून खातो. जास्त झालेलं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. मूत्रपिंडं धड असतील तर. डायबेटिसने ती थकलेली असतील तर हिशेब बदलतो. समुद्राच्या पाण्यातही ते भरपूर आहे, लिटरमागे सव्वा ग्रॅमहून थोडं अधिक. पेण-उरणच्या मिठागरांत मीठ उचलून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं, त्याचा कडूपणा मॅग्नेशियमच्या क्षारांचाच. अम्मीची पहिली शंका नेहमीचीच होती, “कशापासून बनवतात?” कॅप्सूलच्या जिलेटिनपासून आमच्या घरात हा प्रश्न प्रत्येक औषधाला विचारला जातो. इथे उत्तर सोपं होतं. दगड आणि समुद्र.

आता हाड आणि धातूचं नातं पाहा. पोलादाचा ताठपणा साधारण २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११०, मॅग्नेशियमचा ४५ च्या आसपास आणि आपल्या हाडाच्या कठीण भागाचा वीसेक. आकडे विसरलात तरी चालेल. मुद्दा हा, की पोलादाची प्लेट हाडापेक्षा फारच ताठ असते. वजन ती आपल्यावर घेते आणि शेजारचं हाड आळशी होतं. ज्या हाडावर भार पडत नाही ते विरळ होत जातं. मॅग्नेशियम हाडाच्या जवळचं आहे. हलकंही आहे, पोलादाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी वजनाचं. आणि काम झालं की निघून जाणारं. यापेक्षा गुणी पाहुणा कुठला?

एवढं सगळं असूनही तो अजून आमच्या भाच्याच्या मांडीत का नव्हता?

बेल्जियममध्ये अल्बँ लॅम्बोट नावाचे सर्जन होते, हाडांच्या शस्त्रक्रियेतलं मोठं नाव. १९०७ साली त्यांनी एका सतरा वर्षांच्या मुलाच्या नडगीवर मॅग्नेशियमची प्लेट बसवली आणि ती पोलादी खिळ्यांनी ठोकली. आठ दिवसांत प्लेटचे तुकडे झाले आणि कातडीखाली वायू साचून पाय फुगला. दोन वेगळे धातू खारट पाण्यात एकमेकांना चिकटून ठेवले की काय होतं हे आपल्याला माहीत आहे: बॅटरी तयार होते. शरीरातलं पाणी खारटच. त्या बॅटरीत मॅग्नेशियम झपाट्याने संपलं. लॅम्बोट आणि त्यांचे शिष्य व्हरब्रुग यांनी हार मानली नाही. पुढे त्यांनी पोलादाची संगत टाळून लहान मुलांच्या कोपराजवळ मोडलेल्या हाडांसाठी मॅग्नेशियम वापरलं आणि ती हाडं जुळली. तोवर चांगलं, न गंजणारं स्टेनलेस स्टील आलं आणि जग तिकडे वळलं. मॅग्नेशियम साठ-सत्तर वर्षं अडगळीत पडलं.

अडचण एकाच शब्दात सांगायची तर वेग. एक ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण गंजलं की जवळपास एक लिटर हायड्रोजन सुटतो. तो महिनोन्महिने थोडाथोडा सुटला तर रक्त आणि मांस त्याला वाट काढून देतात. पंधरा दिवसांत सुटला तर फुगा होतो. शिवाय हाड जुळायच्या आधी आधार गेला तर सगळंच मुसळ केरात. म्हणजे धातूने हाडाचं घड्याळ बघून विरघळायला हवं. त्यात भर अशी, की मॅग्नेशियममध्ये लोखंड, निकेल, तांबं यांचा जरासा अंश राहिला तरी गंज पिसाळतो. लोखंडाची सहनशक्ती दहा लाखांत दीडशे-पावणेदोनशे भाग एवढीच. त्याहून शुद्ध धातू गाळणं ही अलीकडची कला आहे. मग त्यात यट्रियम, निओडिमियम, झिर्कोनियम, नाहीतर जस्त आणि कॅल्शियम घालून गंजाला लगाम घालायचा. गंमत बघा, शंभर वर्षं धातुशास्त्राने गंजू नये म्हणून डोकं खपवलं. इथे माणसं धातूने शिस्तीत गंजावं म्हणून रात्री जागतात.

जर्मनीत हॅनोव्हरला हे जमलं. तिथे पायाच्या अंगठ्याचं वाकडं हाड सरळ करायच्या ऑपरेशनमध्ये २६ रुग्ण घेतले. निम्म्यांना टायटॅनियमचा स्क्रू, निम्म्यांना मॅग्नेशियमचा. सहा महिन्यांनी दोन्हींत फरक दिसला नाही. २०१३ मध्ये त्या स्क्रूला युरोपात विक्रीची परवानगी मिळाली. दोन वर्षांनी कोरियाने मॅग्नेशियम-कॅल्शियम-जस्ताच्या स्क्रूला परवानगी दिली, हात आणि मनगटाच्या हाडांसाठी.

लक्षात घ्या, अंगठा, हात, मनगट. मांडी नाही. मांडीचं हाड अख्ख्या अंगाचा भार उचलतं. दिवसेंदिवस झिजत जाणाऱ्या नरम धातूवर तो भार टाकायची हिंमत अजून कुणी करत नाही.

हे सगळं मी मेहुण्याला सांगितलं. त्याला सगळ्यात जास्त पटलं ते टाक्यांचं उदाहरण. बहिणीच्या सिझेरियनला डॉक्टरांनी “टाके विरघळणारे आहेत” म्हणून सांगितलं होतं. पण त्याच्या हाताला काच लागली तेव्हा टाके काढायला जावं लागलं होतं. दोरा दोन प्रकारचा असतो हे त्याला ठाऊक होतं, मग धातूही दोन प्रकारचा असतो हे समजायला वेळ लागला नाही. टायटॅनियम दुसऱ्या प्रकारचं. हवा-पाणी लागताच त्याच्यावर ऑक्साइडची इतकी घट्ट साय धरते, की आत काही शिरतच नाही. पन्नास वर्षं ठेवलं तरी तसंच. तुमच्या मुलाच्या पायात आहे ते टायटॅनियम आहे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं आहे. ते वितळायची वाट बघणं म्हणजे भांड्याचं झाकण वितळायची वाट बघण्यासारखं.

दोऱ्यावरून आठवलं. विरघळणारा टाका हा काही आजचा शोध नाही. दहाव्या शतकात कॉर्डोव्ह्यात अल-जहरावी नावाचे तबीब होऊन गेले. त्यांचा ‘अत्-तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ, त्यातला शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर. आतडं शिवायला जनावराच्या आतड्यापासून केलेला दोरा वापरावा हे त्यांनी त्यात नोंदवून ठेवलंय. आत ठेवायची वस्तू परत काढायला लागू नये, ही इच्छा किमान हजार वर्षं जुनी आहे.

आणि धातू अंगात जिरवायची इच्छा तर आमच्या पनवेलच्या हवेतच आहे. श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथलाच, १८७२ चा. लोह, ताम्र, वंग यांची भस्मं आयुर्वेदात आहेत, तसे युनानीत कुश्ते आहेत. अब्बा हकीमसाहेबांकडून कुश्ता-ए-फौलाद आणायचे आणि लोण्यात घालून चाटायचे. धातू मारून, जाळून, खलून असा करायचा की तो शरीराला आपला वाटावा, हीच कल्पना. फरक मोजमापाचा. हॅनोव्हरवाल्यांना आपला धातू कुठल्या महिन्यात किती उरतो हे स्कॅन करून दाखवावं लागलं. अब्बांच्या पुडीत काय आणि किती होतं ते फक्त हकीमसाहेबांना ठाऊक. अब्बांना या तुलनेचा राग आला असता, पण लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याचे नेल निघाले. सकाळी दाखल, दुसऱ्या दिवशी घरी. मेहुण्याने चार दिवस गाडी उभी ठेवली आणि तेवढ्या पगारावर पाणी सोडलं. डॉक्टरांनी दीड महिना धावायचं-उड्या मारायचं नाही म्हणून बजावलं, ते पोराने जमेल तितकं पाळलं.

त्या रात्री अम्मीने एक गोष्ट विचारली. ती बरेच दिवस तिच्या मनात असावी. “माझ्यातला काढणार नाहीत ना? मग मातीत जाताना?” मय्यतीला गुस्ल देताना अंगातला धातू काढायचा असतो का, हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांत विचारला जातो. मी मोहल्ल्यातल्या मौलानांना गाठलं. ते म्हणाले, मेलेल्या माणसाच्या अंगाची अब्रू जिवंत माणसाइतकीच. रॉडसाठी चिरफाड करायची नाही, जे आत आहे ते आत राहू द्या. स्मशानातली गोष्ट वेगळी, तिथे राखेत रॉड सापडतात. पेसमेकर तर दहनाआधी काढावाच लागतो, कारण त्याची बॅटरी फुटते. नेदरलँड्समध्ये १९९७ पासून एक कंपनी दहनानंतर उरलेले खुबे आणि गुडघे गोळा करून तो धातू पुन्हा वितळवायला पाठवते. हे अम्मीला सांगितल्यावर ती म्हणाली, “आपल्यात कब्रस्तानात भंगारवाला येत नाही, तेवढं बरं.”

आता थोडं सावधगिरीचं. विरघळतं ते चांगलंच, असं समजू नका. हृदयाच्या धमनीत घालायचा विरघळणारा स्टेंट भारतात दहाएक वर्षांपूर्वी मोठ्या गाजावाजात विकला जात होता. तो मॅग्नेशियमचा नव्हता, पॉलिलॅक्टिक ॲसिड या प्लॅस्टिकच्या जातीतल्या पदार्थाचा होता. नाव ॲब्सॉर्ब, कंपनी ॲबट. किंमत लाखाच्या बरीच वर. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमती बांधल्या: साध्या धातूचा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये आणि विरघळणाराही त्याच २९,६०० मध्ये. सप्टेंबरमध्ये कंपनीने तो जगभर विकणं थांबवलं. त्याच्या भिंती जाड होत्या आणि नेहमीच्या धातूच्या स्टेंटपेक्षा त्यात रक्ताच्या गुठळ्या जास्त होतात असं मोठ्या चाचण्यांत दिसलं होतं. ज्यांनी जास्त पैसे मोजून ‘नवं’ घेतलं, त्यांना जास्त धोका मिळाला. मॅग्नेशियमचा स्टेंटही २०१६ पासून युरोपात आहे, साधारण वर्षभरात बहुतेक विरघळतो. डॉक्टर मंडळी त्याच्याकडे जपूनच बघतात, आणि ॲब्सॉर्बनंतर ते बरोबरच आहे.

किमतीचं मी मुद्दाम लिहिलं. २०१७ च्याच ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या वाट्यांच्या किमती बांधल्या गेल्या, म्हणून आमच्या कंडक्टर काकांना पेन्शनीत ते ऑपरेशन झेपलं. विरघळणारा स्क्रू उद्या इथे आला आणि तो साध्या स्क्रूच्या कित्येक पट महाग असला, तर दुसरं ऑपरेशन वाचवण्याचा फायदा कुणाला? ज्याला दुसरं ऑपरेशन तसंही परवडतं त्याला. चार दिवस गाडी उभी ठेवणं ज्याला जड जातं, त्याच्यापर्यंत तो पोचला नाही तर माझ्या मते या शोधाचं निम्मं काम राहिलंच.

याबाबतीत माझी नजर आपल्या सरकारी प्रयोगशाळांवर आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची झडप इथे बनवली. १९९० च्या डिसेंबरमध्ये ती पहिल्यांदा माणसाला बसवली आणि परदेशी झडपेपेक्षा बऱ्याच स्वस्तात ती मिळू लागली. त्याच श्री चित्राने हैदराबादच्या एआरसीआय या धातू संशोधन संस्थेबरोबर विरघळणाऱ्या इम्प्लांटसाठी लोखंड आणि मँगनीजचा मिश्रधातू केल्याची बातमी २०२० मध्ये आली. लोखंड मॅग्नेशियमच्या उलटं: मजबूत, पण विरघळायला फार सुस्त. म्हणून त्यात २९ टक्क्यांहून जास्त मँगनीज घालून त्याला जरा घाई करायला लावायची. तेवढं मँगनीज असलं की ते लोहचुंबकाला दादही देत नाही, म्हणजे एमआरआय करता येतो. आपल्या महाराष्ट्रात आयआयटी मुंबईचं बेटिक केंद्र २०१४ पासून डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसवून स्वस्त उपकरणं करतंय. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी त्यात आहेत. मॅग्नेशियमचं काम अशा ठिकाणी व्हायला हवं.

मेहुणा आता या विषयातला जाणकार झालाय. बंदरावर रांगेत उभा असला की मधूनच फोन करतो, “भाईजान, आला का तुमचा विरघळणारा रॉड?”

मी सांगतो, स्क्रू आलाय. रॉड यायचाय.